आत्येचे सात खण : बांदा ते असोळणा, पाच दिवस

पहिला दिवस : कोल्हापूर ते बांदा

बाबांना घेऊन गोव्याला जाणार म्हटल्यावर ओळखीच्या सगळ्यांनी आधी हॉटेल किनाऱ्यापासून किती लांब आहे ते विचारलं. बाबांची अट एकच होती. १५ ऑगस्टला सकाळी गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीला, हुतात्मा स्मारकापाशी पोचायचं. बाकीचे दिवस मी म्हणेन तसे.

बाबा ७८ वर्षांचे आहेत. जन्म बांद्याचा, गोव्याच्या वेशीवरचा. कोल्हापुरात पन्नास वर्षं काढली, तरी गाडी आजऱ्याच्या पुढे गेली की त्यांच्या तोंडी मालवणी येते. आंबोलीला धुकं इतकं दाट होतं की दिवे लावूनही समोरची एसटी हाकेच्या अंतरावर आल्यावर दिसायची. मी गाडी बाजूला घेतली. मक्याची कणसं भाजत होती, ती खाता खाता मी बाबांना विचारलं, इथल्या रानातून रेडिओ चालायचा हे माहीत होतं का?

"आयकलेलो," ते म्हणाले.

२५ नोव्हेंबर १९५५ ला आंबोलीच्या जंगलातून गोवामुक्तीचं गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झालं. पुढे ते कॅसलरॉकच्या रानात हललं. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई ते चालवायचे, कोंकणी आणि पोर्तुगीज दोन्ही भाषांत. तारीख मुद्दाम निवडलेली होती. १५१० साली याच दिवशी पोर्तुगीज सेनानी अफोंसो द आल्बुकर्कने गोवा घेतला होता. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मोकळा झाला तेव्हा याच दोघांनी विमानातून पणजीवर घिरट्या घालत ध्वनिक्षेपकावरून ती बातमी लोकांना सांगितली. सहा वर्षं रानात काढलेली माणसं शेवटची बातमी आभाळातून देतात, याच्याइतकं सुंदर मला त्या सगळ्या लढ्यात दुसरं काही वाटत नाही. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली, वयाच्या शंभरीत.

रात्री बांद्याला चुलत काकांकडे. पेज, सुक्या बांगड्याचं तिखलं आणि पत्र्यावर पडणारा पाऊस.

दुसरा दिवस : पत्रादेवी, पेडणे, नार्वे

सकाळी सातलाच निघालो. महामार्ग आता इतका रुंद झालाय की बाबांना त्यांचा जुना रस्ता ओळखताच येईना. स्मारकापाशी शाळेची मुलं ओल्या गणवेशात रांगेत उभी होती. झेंडावंदन झालं. बाबांनी चपला काढल्या आणि चिखलातच उभे राहिले.

१५ ऑगस्ट १९५५ ला भारतभरातून आलेले हजारो सत्याग्रही ठिकठिकाणांहून हद्द ओलांडून गोव्यात शिरले. हातात झेंडा होता, शस्त्र नव्हतं. पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या झाडल्या. त्या एका दिवसात वीसहून अधिक माणसं गेली. इथे पत्रादेवीला मध्य प्रदेशातल्या सहोदराबाई राय झेंडा धरून पुढे होत्या. त्यांना गोळ्या लागल्या. पंजाबातल्या इसरू गावचा कर्नेलसिंग बेनिपाल, पंचविशीतला तरुण, पुढे सरसावला आणि छातीवर गोळी घेऊन पडला. सहोदराबाई वाचल्या, पुढे खासदार झाल्या.

"माका सगळा आठवता," बाबा म्हणाले. ते तेव्हा आठ वर्षांचे होते. "पावस इतको लागलो होतो की समोरचा माणूस दिसा नाय. आमच्या दारावरसून माणसा जायत होती. आवशीन गुळाचो खडो नि पाणी हाडून ठेवल्यान. कोणाची भाषा आमका कळा नाय. पाणी पिवन हात जोडीत नि फुडे जायत. दुपारी आवाज इलो. आमका वाटला, खडी फोडतत."

त्यातलं कोण परत आलं, कोण नाही, हे त्या घराला कधीच कळलं नाही. माझ्या आजीने पुढे कित्येक वर्षं १५ ऑगस्टला उंबऱ्यावर गूळपाणी ठेवलं. मला लहानपणी तो घरातला एखादा कुळाचार वाटायचा.

त्या गोळीबारानंतर वेस बंद झाली. भारताने आर्थिक नाकेबंदी केली, ये-जा परवान्यावर आली, आणि तो परवाना आमच्या घरच्यांना काही मिळाला नाही. बाबांची आत्या हद्दीपलीकडे पेडण्याला दिलेली होती. बांदा ते पेडणे माणूस सकाळी निघून जेवायला पोचेल एवढंच अंतर. ती १९५५ च्या चवथीला माहेरी येऊ शकली नाही. नंतरच्याही नाही. थेट १९६२ च्या शिमग्याला आली.

तिच्या घरी आता तिचा मुलगा असतो, बाबांचा आतेभाऊ, माझे काका. आम्ही पोचलो तेव्हा काकी पातोळ्या करत बसल्या होत्या. गोव्यात १५ ऑगस्टला पातोळ्या हव्यातच. ख्रिस्ती घरात सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, फेस्त म्हणून, आमच्यासारख्यांकडे श्रावण म्हणून. हळदीचं पान उलटं पाटावर घ्यायचं, त्यावर तांदळाचं पीठ बोटांनी पातळ थापायचं, मधोमध गूळखोबरं, पान दुमडायचं आणि मोदकपात्रात ठेवायचं. झाकण उघडलं की हळदीच्या पानाचा जो वास येतो त्यात अख्खा श्रावण असतो.

खाऊन झाल्यावर काकांनी आतून पत्र्याची ट्रंक आणली. तळाशी, जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधलेला एक खण होता. जांभळा, लाल काठाचा, त्रिकोणी घडीचा. माझ्या पणजीने लेकीसाठी दर चवथीला एक खण घेऊन ठेवला होता, पाठवता येत नसतानाही. १९५५ पासून १९६१ पर्यंत सात चवथी, सात खण. १९६२ ला आत्या माहेरी आली तेव्हा सातही एकदम तिच्या ओटीत घातले. सहाच्या तिने चोळ्या शिवल्या. सातवा असाच ठेवला. काठ विटलाय, आणि घडीच्या रेघेवर कापड विरत चाललंय. बाबांनी तो हातात घेतला, पण उलगडला नाही.

मला तेव्हाच एक विचारायचं होतं. आमच्या घरात या आत्येचं नाव निघालं की दोन गोष्टी निघतात. एक हे खण, आणि दुसरी तिचं मत. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, केंद्रशासित संघप्रदेश म्हणून वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. पेडणे म्हणजे फुलाचा बालेकिल्ला. आणि आत्येने मत दिलं दोन पानांना. बांद्याला हे कळलं तेव्हा बाबांचे वडील दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते म्हणतात. बाबा तेव्हा विशीत होते आणि विलीनीकरणाच्या सभांना जात होते. दोन पानं किती मतांनी जिंकली तो आकडा त्यांना अजून पाठ आहे. "चौतीस हजार एकवीस," ते सांगतात, नातेवाईकाची तिथी सांगावी तसे.

पण पाहुणचार चालला होता. विषय काढला नाही.

दुपारी डिचोलीच्या बाजूला नार्व्याला. सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचं दैवत, मूळ नदीपलीकडच्या दिवाडी बेटावरचं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते देऊळ पाडलं आणि लिंग लोकांनी नदी ओलांडून इकडे आणलं. १६६८ साली शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. तसा शिलालेख दारावर आहे. अलीकडे २०२३ मध्ये पुन्हा डागडुजी झाली, आणि नीट झाली आहे. चुन्याचा गिलावा, लाकडी खांब, दीपमाळ, आणि पावसाने चिंब झालेली पोफळीची बाग. भडक रंग कुठेच नाही. आपल्याकडच्या किती देवळांना असं शहाणं हात लावणं मिळतं, हे मनात येऊन वाईटही वाटलं.

तिथून फेरीबोटीने दिवाडी. साखळीचा खडखडाट, फळी धाडकन धक्क्यावर पडते, दोन स्कूटर, एक मासळीवाली आणि आम्ही. पूर्वेला जुवें बेट आहे. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांनी रात्री ओहोटीच्या वेळी ते घेतलं आणि गोवा शहर अक्षरशः हादरलं. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होरने सेंट झेवियरची शवपेटी उघडवली, आपला राजदंड त्या पायांशी ठेवला आणि शहर तूच राख म्हणून साकडं घातलं. तिकडून मोगल फौजा चालून आल्याने मराठ्यांना माघारी वळावं लागलं. तेच शव पलीकडच्या काठावर बॉम जेझू चर्चमध्ये आहे. त्या दोन काठांमध्ये आत्ता आमची बोट डुलत होती.

तिसरा दिवस : पणजी आणि आग्वाद

जुना गोवा सकाळी घाईत पाहिला, गर्दी फार. १५५६ साली भारतातला पहिला छापखाना इथे आला, एवढं बाबांना दाखवायचं होतं, पण दाखवायला तिथे काही उरलेलं नाही.

पणजीत आदिलशहाच्या वाड्याशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. झोकात हात पसरलेला, समोर कोसळणारी बाई. संमोहनशास्त्राचा हा आद्य पुरुष कांदोळीचा. तो लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि घाबरून बोबडी वळली, तेव्हा बापाने खालून कोंकणीत "कातर रे भाजी", म्हणजे समोर सगळी भाजीच आहे समज आणि काप, असं म्हटलं, ही गोष्ट गोव्यात लहान मुलालाही ठाऊक असते. कांदोळीच्याच पिंटो घराण्याचं नाव १७८७ च्या कटाला पडलं. गोव्याच्या पाद्र्यांना वरच्या जागा मिळत नव्हत्या, त्यातून तो उठाव ठरत होता. बेत फुटला, ४७ जणांना पकडलं, त्यातल्या १५ जणांना पणजीत देहांत शिक्षा दिली. फ्रेंच राज्यक्रांतीच्याही दोन वर्षं आधीची ही गोष्ट. गोव्यातला ख्रिस्ती समाज पोर्तुगिजांच्या बाजूचा होता असं आम्हाला लहानपणी सरसकट सांगितलं गेलं. ते चुकीचं होतं, आणि हे मी बाबांसमोर मोठ्याने म्हटलं.

आझाद मैदानावर त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य यांचं स्मारक आहे. चांदरला जन्मलेले, पॅरिसला शिकलेले, गोव्यातल्या राष्ट्रीय चळवळीचे जनक. १९४६ साली लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची सजा दिली आणि पोर्तुगालच्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. पुढे ते पोर्तुगालमधून निसटले, मुंबईला येऊन पुन्हा काम करत राहिले, आणि १९५८ मध्ये वारले. गोवा सुटायला तीन वर्षं बाकी होती.

मांडवीच्या पलीकडे बेती दिसते. तिथल्या पोलीस चौकीवर १९५५ मध्ये मोहन रानडे यांनी हल्ला केला आणि जखमी होऊन पकडले गेले. सांगलीकडचा हा माणूस सावईवेऱ्याला मराठी शिकवणारा मास्तर म्हणून गोव्यात आला होता. २६ वर्षांची शिक्षा झाली. पुढे लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात नेलं. गोवा १९६१ ला मुक्त झाला, हे मात्र १९६९ च्या जानेवारीत सुटले. मधली वर्षं त्यांच्यासाठी धडपडणाऱ्यांत सुधीर फडके होते. बाबूजींची गाणी आमच्या घरात रोज वाजतात, आणि हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

आग्वादचा तुरुंग आता संग्रहालय झालाय. कोठड्या समुद्राकडे तोंड करून आहेत. बाबा एका कोठडीत शिरले, भिंतीला हात लावला. दगड ओलसर, मिठाने खरखरीत. खिडकी इतकी उंच की लाटा ऐकू येतात, दिसत मात्र नाहीत. बाहेर आल्यावर ते बराच वेळ कठड्याला धरून उभे होते. गेस्टहाऊसवर परतताना वाटेत एका ठिकाणी आम्हाला दुपटीने भाडं लावलं, मी भांडले. बाबा म्हणाले, "जाऊंदे गो, आज नको."

चौथा दिवस : असोळणा, कुंकळ्ळी, मडगाव

सगळ्या प्रवासात मला सर्वात जास्त हलवून गेला तो हा दिवस.

असोळणा साळ नदीच्या काठावर आहे. चर्च, माडबागा, चिरेबंदी घरं, मासळीचा बाजार. १५८३ साली असोळणा, कुंकळ्ळी, वेरोडा, वेळ्ळी आणि आंबेली या पाच गावांनी पोर्तुगिजांना सारा द्यायचं बंद केलं होतं. देवळं पाडली जात होती. जुलैमध्ये पाच जेझुइट पाद्री चर्चला जागा बघायला कुंकळ्ळीला आले, आणि गावाने त्यांना सोबतच्या माणसांसकट ठार केलं. त्यांच्यातला रोदोल्फो आक्वाविवा फत्तेपूर शिक्रीला अकबराच्या दरबारात राहून आलेला विद्वान होता. बिनहत्यारी माणसं होती ती, हे विसरून चालणार नाही. मग पोर्तुगिजांनी सोळा गावकरांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं. ते आले. दारं लावून त्यांना कापून काढलं. एकटा संडासाच्या मोरीतून साळ नदीत उडी घेऊन सुटला. नंतर त्यांची जमीनही गेली. कुंकळ्ळी आणि वेरोडा एका पोर्तुगीज सरदाराच्या जहागिरीत, बाकीची गावं जेझुइटांकडे.

कुंकळ्ळीला त्या गावकरांचं स्मारक आहे. पाऊस थांबला होता. तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपणहून सांगितलं की ते गावच्या बारा वांगडांपैकी, म्हणजे मूळ घराण्यांपैकी, एकाचे वंशज. गळ्यात क्रूस होता. देवी शांतादुर्गा कुंकळ्ळीकारीण त्या धामधुमीत फातर्प्याला नेली. फाल्गुनात ती मूळ जागी भेटीला येते तेव्हा बारा घराण्यांच्या बारा सत्र्या, म्हणजे छत्र्या, नाचवत मिरवणूक निघते आणि सगळं गाव गुलालाने लाल होतं. "आमची सत्री आमीच धरतात," ते म्हणाले. "देव बदललो म्हूण घर बदलना." बाबांनी त्यांना नमस्कार केला, त्यांनीही हात जोडले.

आणि त्याच असोळण्याला, तीनशे त्रेसष्ट वर्षांनी, १० जून १९४६ ला राममनोहर लोहिया विश्रांतीसाठी आले. ब्रिटिशांच्या तुरुंगातून नुकतेच सुटलेले, तब्येत ढासळलेली. मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांचं घर इथे. दोघांची ओळख बर्लिनची. विश्रांती कसली, भेटायला माणसांची रीघ लागली. लग्नपत्रिका छापायलाही सरकारी मंजुरी लागते हे लोहियांनी ऐकलं, आणि १८ जूनला भर पावसात दोघे मडगावला सभेला गेले. पोलीस अधिकाऱ्याने पिस्तूल काढलं. लोहियांनी त्याचा हात धरून त्याला बाजूला सारलं आणि बोलायला सुरुवात केली. लगेच अटक झाली, पण लोकांची भीती त्या दुपारी मोडली. मडगावच्या त्या मैदानाला आज लोहिया मैदान म्हणतात. संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा पोरं फुटबॉल बडवत होती.

मैदानाच्या कडेला बसून मी बाबांना जनमत कौलाचं विचारलं. मडगावहून निघणारं 'राष्ट्रमत' विलीनीकरणाच्या विरोधात लिहीत होतं, आणि ते दैनिक मराठी होतं. उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' सदर मराठीतच यायचं. म्हणजे महाराष्ट्राला नको म्हणणारी माणसं मराठी उत्तम जाणत होती, त्यात लिहीत होती. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर मराठी शाळा गावोगाव काढत होते, कुळांना जमिनी देत होते, त्यांना विलीनीकरण हवं होतं. विरोधी नेते जॅक सिक्वेरा यांना नको होतं. १,३८,१७० मतं फुलाला, १,७२,१९१ मतं दोन पानांना.

"तेव्हा आम्हाला वाटलं, घरच्यांनीच दार लावलं," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "कोणी त्यांना विचारलं नव्हतं ना कधी. पोर्तुगिजांनीपण नाही. पहिल्यांदाच विचारलं."

पाचवा दिवस : परत

फोंड्याला शांतादुर्गेचं दर्शन घेतलं. केळशीहून हलवलेली देवी, शाहू महाराजांच्या काळात नारोराम मंत्र्यांच्या खटपटीने बांधलेलं देऊळ. बाबांचे पाय दुखत होते, फार थांबलो नाही.

पेडण्याला पुन्हा काकांकडे चहाला. आणि बाबांनी स्वतःच विचारलं. "आत्येन दोन पानां कित्याक मारल्यान रे?"

काकांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. ते म्हणाले, त्या दिवशी ते सतरा वर्षांचे होते आणि आईला मतदान केंद्रावर सोडायला तेच गेले होते. घरात बाकी सगळे फुलाचे. परतताना त्यांनीही हेच विचारलं होतं. ती म्हणाली, "घर आतांच सोडोवन घेतलां. परत दुसऱ्याच्या नांवार कित्याक करूं? भावाकडेन हांव वतलेंच. कोण आडायता आतां?"

माहेरी मी जाणारच, आता अडवतंय कोण. बाबा गप्प बसून राहिले. काकींनी चहाचे कप उचलले.

मग त्यांनी खण पुन्हा मागितला. या वेळी पूर्ण उलगडला, मांडीवर पसरला. त्रिकोणाच्या रेघेवर तीन ठिकाणी धागे सुटले होते. बाबांनी तळव्याने सुरकुत्या सारख्या केल्या, जुनी रेघ सोडून दोन बोटं बाजूला नवी घडी घातली, आणि धोतराच्या तुकड्यात बांधून काकांच्या हातात दिला. "वरसाक एकदा घडी बदल," म्हणाले. "नायतर रेगेवर फाटता."